गळतंय का पाझरतंय

शिर्डीच्या एका लॉजमालकाने मला एकदा गाडी पाठवून बोलावून घेतलं होतं. मी सुट्टीत गावी, तिसगावला आले होते, आणि ‘साळव्यांची सुनंदा समुद्रातलं तेल शोधते’ ही बातमी आमच्या एका पाहुण्यामार्फत त्याच्यापर्यंत पोहोचली होती. लॉजच्या मागे त्याने विहिरीसाठी खड्डा घेतला होता. त्यात साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसत होते. खाली तेल आहे याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. चहा होईपर्यंत मनातल्या मनात त्याचे लॉजवर दोन मजले चढवूनही झाले होते.

मी एक काडी मागितली. ती पाण्यावरच्या रंगांतून अलगद ओढली. तवंग तेलाचा असेल तर चिरल्यावर लगेच पुन्हा मिटतो. जमिनीतल्या लोखंडावर जगणारे जिवाणू पाण्यावर जी साय धरतात, ती मात्र पातळ काचेसारखी फुटते आणि तुकडे तसेच तरंगत राहतात. इथे तुकडे झाले. मी त्याला तसं सांगितलं. तो बराच वेळ त्या तुकड्यांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “इतकं शिकून काडीच घातली व्हय पान्यात?”

मी हो म्हटलं. माझी सगळी नोकरी त्या काडीचीच होती. फक्त काडी फार लांब असायची.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकासाठी ‘समुद्रातल्या नोकरीबद्दल’ लिहा, असं पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा हा लॉजमालकच आठवला. मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. नगरचं बोर्डिंग, रोज संध्याकाळी अभ्यासाला बसवणाऱ्या वॉर्डनबाई, शिष्यवृत्ती आणि आईवडिलांचा हट्ट, यांच्या जोरावर मी रसायनशास्त्र शिकले आणि एका सरकारी संशोधन संस्थेत लागले. ज्या गावात टँकरची वाट बघत मी अंकगणित सोडवलं, त्या गावाच्या मुलीला पगार मिळाला तो समुद्राच्या तळाशी काय चाललं आहे हे बघण्याचा. याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते, आणि थोडं हसूही येतं.

समुद्राच्या तळाला काही ठिकाणी जमिनीतून तेल आणि वायू आपोआप वर येतात. कोणी खणलेलं नसतं, कोणी फोडलेलं नसतं. खडकाला भेगा असतात आणि खालचं तेल थेंबाथेंबाने वाट काढतं. माणसाने पहिली तेलविहीर खणली त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. इंग्रजीत त्याला वेगळा शब्द आहे, पण मी मनात पहिल्या दिवसापासून ‘पाझर’ हाच शब्द वापरला. पाझर म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यात कोणाला सांगावं लागत नाही.

म्हणजे असं मला वाटायचं. खरं तर सांगावं लागतं.

आमच्या गावाच्या वर रोजगार हमीतून पाझर तलाव झाला तेव्हा मी लहान होते. माझे वडील, शांतवन साळवे, त्या कामावर मुकादम होते. बांधाच्या पोटात काळ्या मातीची भिंत घालतात, ती थर देऊन, पाणी मारून, चोपून बसवायची. ती वडिलांच्या टोळीने बसवली होती. पहिल्या पावसात तलाव भरला आणि उन्हाळ्याच्या आत रिकामा झाला. गावात बोलणं सुरू झालं की तलाव गळतो, साळव्याने माती खाल्ली. पाझर तलाव पाणी साठवायला बांधतच नाहीत, त्यातलं पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना लागावं म्हणून बांधतात, हे कोणाच्या लक्षात येत नव्हतं. तलाव म्हटलं की तो भरलेला दिसला पाहिजे. त्यात बांधाच्या खाली एक जागा कायम ओली असायची. लोक ती बोटाने दाखवायचे. चौकशीला ओव्हरसियर आला. तरुण होता, पण घाईचा नव्हता. त्या ओल्या जागी लव्हाळ्याचं दाट बेट होतं, ते बघून त्याने बायकांना विचारलं की हा लव्हाळा कधीपासूनचा. बायका म्हणाल्या, आमी नांदायला आलो तवापासून शेळ्यांना हितूनच कापतो. ओव्हरसियर हसला. म्हणाला, लव्हाळा तलावाच्या आधीचा, म्हणजे ओलही आधीची. बांध काल झालाय.

वडिलांचं नाव त्या दिवशी सुटलं. हे मला आईने इतक्यांदा सांगितलं आहे की मी तिथे उभी होते असंच मला वाटतं.

हे इतकं लांबण लावलं, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात हा लव्हाळा येतो.

काही वर्षांपूर्वी पूर्व किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी तक्रार केली की खोल समुद्रात एका भागात पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो आणि जाळ्याला वास येतो. त्या भागात एका तेलकंपनीने काही वर्षं आधी एक विहीर खणली होती. तेल लागलं, पण काढायला परवडेल इतकं नव्हतं, म्हणून ती सिमेंटने बुजवून टाकली होती. तवंग आणि बुजवलेली विहीर एकाच भागात. लोकांनी दोन आणि दोन चार केले. चौकशीसाठी आमच्या संस्थेचं जहाज निघालं आणि तेलाची तपासणी माझ्याकडे आली.

जहाज बंदरात लागलेलं असताना डेकवर एक गृहस्थ फोनवर बोलत होते. “लई वारं हाय इथं, नंतर लावतो,” एवढंच माझ्या कानावर पडलं. घरापासून इतक्या लांब ‘लई’ आणि ‘हाय’ ऐकून मी तिथेच थांबले. गाव विचारलं.

“बेलापूर,” ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, “नवी मुंबईचं न्हाई. श्रीरामपूरचं.” हे वाक्य त्यांनी जन्मभर म्हटलेलं असावं.

ते गोरक्ष पटारे. वय माझ्याहून थोडं कमी. कंपनीचे सिमेंटचे इंजिनिअर. ती विहीर ज्या टोळीने बुजवली तिचे प्रमुख तेच होते. विहिरीची जागा आणि आतली रचना त्यांना तोंडपाठ, म्हणून कंपनीने त्यांना बरोबर पाठवलं होतं. नमुन्यांना हात लावायची मात्र त्यांना परवानगी नव्हती. म्हणजे आरोपी आणि वाटाड्या एकच.

मी तिसगावची म्हटल्यावर त्यांनी लगेच चिमटा काढला. “म्हंजे तुमी दुष्काळी. आमी पाटपान्याचे.” मी म्हटलं, पाटपाणी पिऊनही तुम्हाला समुद्राचं पाणी बघायची हौस कशी राहिली? ते हसले, पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही. जेवणाच्या टेबलावर बघितलं तर ताटातला भात ते नुसता इकडून तिकडे करत होते.

विहीर बुजवणं म्हणजे काय ते त्यांनीच मला समजावलं. खोल गेलेल्या नळीत ठरावीक ठिकाणी सिमेंटचे बूच भरायचे, प्रत्येक बुचावर दाब देऊन बघायचा, तो धरला तर पुढचा. शेवटी तोंड बंद करून निघून यायचं. पुन्हा तिचं तोंड कोणी बघत नाही. “बांधकामवाला आपली बिल्डिंग पोरांना दाखवतो,” ते म्हणाले. “माझं काम चांगलं झालं तर कुणालाच दिसत न्हाई.” दाब धरला होता, याबद्दल त्यांना खात्री होती. पण तवंगाची बातमी आल्यापासून त्या खात्रीला कीड लागली होती. नोकरीवर गदा येईलच, हे ते शांतपणे बोलले. ज्याने त्यांची भूक गेली होती ते वेगळं होतं. अशा अनेक विहिरी त्यांनी बुजवल्या होत्या. एक गळत असेल तर बाकीच्यांचं काय? आणि किनाऱ्यावरची ती जाळी, तो वास, ते त्यांच्या हातून झालं असेल तर?

आम्ही तवंगाचे नमुने घेतले आणि मी जहाजावरच्या प्रयोगशाळेत ते तपासले. प्रत्येक ठिकाणच्या तेलाची घडण वेगळी असते. कोणत्या काळातल्या, कोणत्या गाळातून ते झालं त्याच्या खुणा त्यात राहतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखंच ते. विहीर खणताना काढलेल्या तेलाचा नमुना कंपनीने दिला होता. मी दोन्ही ठसे शेजारी ठेवले. ते जुळले.

मी पुन्हा तपासले. पुन्हा जुळले.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ते मलाच सांगायचं होतं. मी सांगितलं. पटारे समोर बसले होते. त्यांनी मान हलवली, जणू कोणी त्यांना पत्ता विचारला आणि तो त्यांना माहीत होता. जेवणाच्या वेळी त्यांच्या टेबलावर कोणी बसेना. वाईट हेतूने नव्हे, काय बोलायचं ते कोणाला सुचत नव्हतं. मी माझं ताट घेऊन तिथे गेले आणि त्यांना तलावाची गोष्ट सांगितली. वडील, काळी माती, ओव्हरसियर, सगळं.

“लव्हाळा?” ते म्हणाले. “आमच्या उसात त्यानं जीव नको केलाय. कितीबी खुरपा, फुटतोच. आमच्याकडं त्याला शिव्या देत्यात.”

“आमच्याकडे त्याने माणूस वाचवला,” मी म्हटलं.

मग मी त्यांना जे सांगितलं ते बैठकीतही सांगितलं होतं, पण बैठकीत कोणी ते मनावर घेतलं नव्हतं. ठसा जुळला म्हणजे तेल एका घरचं एवढंच ठरतं. ते कोणत्या दाराने बाहेर आलं, ते ठरत नाही. विहीर त्याच साठ्यात गेली होती. आणि त्याच साठ्यातून एखादा जुना पाझर आपोआप वर येत असेल, तर त्याचाही ठसा तोच निघणार. दोन सख्ख्या भावंडांचं नाक सारखं असलं म्हणून एकाने केलेलं दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही.

पटाऱ्यांनी विचारलं, “मग कळनार कसं?”

“खाली जाऊन बघावं लागेल, तिथे काय उगवलंय ते.”

खाली आम्ही जात नाही. जातो तो यंत्रमानव. लोखंडी चौकटीत बसवलेले कॅमेरे, दिवे आणि दोन हात, जाड केबलला बांधलेले. डेकवरच्या एका कंटेनरमध्ये पायलट बसून तो चालवतो आणि आम्ही त्याच्या मागे दाटीवाटीने उभे राहून पडद्याकडे बघतो. हीच ती लांब काडी. ती तळाला पोहोचेपर्यंत पडद्यावर नुसता काळोख आणि त्यातून वर जाणारे पांढरे कण दिसत राहतात.

पहिल्यांदा आम्ही विहिरीच्या तोंडाशी गेलो. गाळातून वर आलेलं लोखंड दिसलं. त्यावर समुद्रफुलं वाढली होती आणि कडेला एक खेकडा पाय आवरून बसला होता. बुडबुडा नाही, थेंब नाही. पायलटने यंत्र तिथे बराच वेळ स्थिर धरलं. काहीच आलं नाही. मी पटाऱ्यांकडे बघितलं, त्यांचा एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरलेला होता. पण आमचे मोहीमप्रमुख सावध माणूस. ते म्हणाले, तोंड कोरडं आहे हे चांगलंच, पण आतून गळत असेल तर तेल बाजूच्या भेगांतून शिरून लांबवर कुठेतरी निघू शकतं. हे खरं होतं. मला ते ऐकून राग आला, आणि तरी खरं होतं.

पाण्यात आवाज सोडून पडसाद टिपणाऱ्या जहाजावरच्या ध्वनियंत्राला विहिरीपासून बऱ्याच अंतरावर पाण्यात एक उभी रेघ दिसत होती. तळातून काहीतरी वर चढत होतं. यंत्र तिकडे निघालं. किती तरी वेळ करडा गाळ, सपाट, ओसाड. मग गाळात पांढऱ्या शिंपल्यांचे तुकडे दिसू लागले. मग दुधावर साय धरावी तसा पांढरा थर. आणि त्या थराच्या कडेने काळे थेंब सुटे होऊन वर जाताना दिसले, एकामागून एक, न थांबता.

तोपर्यंत मला मॅडम म्हणणारे पटारे माझ्या खांद्यामागून अगदी हळू म्हणाले, “ताई, गळतंय का पाझरतंय?”

थेंबाकडे बघून ते कळत नाही. गळतीचा थेंब आणि पाझराचा थेंब दिसायला एकच. मी पायलटला यंत्र थोडं वळवायला सांगितलं.

दिवे वळले आणि पडदा भरून गेला. खडकाची एक लांबट ओंडक्यासारखी रांग, आणि तिच्या कडेने नळ्यांचं दाट बेट. शेकड्यांनी नळ्या, काही माणसाच्या उंचीच्या, वाकड्यातिकड्या, एकमेकींत गुंतलेल्या, आणि जिवंत होत्या त्यांच्या टोकाला लाल पिसासारखा तुरा. मधून मधून शिंपले, खेकडे.

“लव्हाळा,” पटारे म्हणाले.

हे काय होतं ते वाचकांना सांगायला हवं. तिथे सूर्याचा उजेड कधी पोहोचत नाही, तरी जीवन असतं. तेलावायूवर जगणारे जिवाणू असतात, आणि त्या जिवाणूंच्या जिवावर बाकीचे. नळीतल्या त्या किड्याला तोंड नसतं आणि पोटही नसतं. जिवाणू त्याच्या अंगातच राहतात आणि आतल्या आत त्याला भाकरी करून घालतात. आपण ज्याला घाण म्हणतो त्यावर त्यांचं गोकुळ नांदतं. पण त्यांची वाढ फार सावकाश होते. वर्षाकाठी बोटाच्या पेराएवढीही नाही. माणसाच्या उंचीची नळी व्हायला शंभर वर्षं पुरत नाहीत. आणि तो खडकही जिवाणूंनीच वायू खाता खाता घडवलेला असतो, त्याला तर हजारो वर्षं लागतात. विहीर होती पाच-सहा वर्षांपूर्वीची. बांध काल झाला होता.

मी मागे वळले. “पाझरतंय, पटारेभाऊ.”

मोहीमप्रमुखांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि एक नळी कापून वर घ्या असं सांगितलं. पुरावा हवा होता, त्यांचं बरोबर होतं. पायलटने हात पुढे केला. तेवढ्यात पटाऱ्यांनी मला मराठीत सांगितलं, आणि मी ते प्रमुखांना सांगितलं, की जिवंत नको. एखादी पडलेली असेल तर ती घ्या. ज्या माणसाची नोकरी त्या नळीवर अवलंबून होती, तो हे सांगत होता. प्रमुखांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. पायलटने यंत्र बेटाच्या कडेला नेलं. गाळात एक रिकामी नळी आडवी पडली होती. ती, काही रिकामे शिंपले आणि खडकाचा एक टवका, एवढं आम्ही घेतलं. पुढे प्रयोगशाळेत खडकाचं वय निघालं, ते हजारो वर्षांचंच निघालं. पाण्यावरचा तवंगही त्या पाझराच्या वर, वाऱ्याप्रवाहाच्या दिशेने थोडा सरकलेला सापडला. मच्छीमारांमधल्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्यावर कळलं की त्या बाजूला पाणी चकाकतं हे त्यांच्या वाडवडिलांना माहीत होतं. नव्या मोठ्या बोटी तिथवर अलीकडे जायला लागल्या होत्या, एवढाच फरक. कुठे जाळं टाकू नये, याचा नकाशा आम्ही त्यांना करून दिला.

त्या दुपारी पटारे जेवायला बसले आणि त्यांनी तीनदा भात घेतला. आचारी त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यांनी जहाजाच्या फोनवरून घरी फोन लावला. मी शेजारून जात होते. “न्हाई गं,” ते म्हणत होते, “माझं न्हाई. ते आधीपासूनचंच हुतं.” आणि मग बराच वेळ नुसतं “व्हय, व्हय.”

माझे वडील तोपर्यंत गेले होते. त्यांनी समुद्र कधी बघितला नाही. दर सुट्टीत म्हणायचे, एकदा दाखव तुझा तलाव. ते राहून गेलं, आणि त्याची हळहळ माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी कंटेनरमधून बाहेर डेकवर आले तेव्हा सगळीकडे ऊन पडलं होतं. त्यांना सांगावं असं माझ्याकडे इतकं होतं, की मी ते मनातल्या मनात मराठीत सांगून टाकलं.

मागच्या नाताळात पटारे सपत्नीक तिसगावला आमच्याकडे जेवायला आले. बेलापूरहून ऊस आणला होता, मोळीच. जेवण झाल्यावर त्यांना तलाव बघायचा होता. आम्ही बांधावर गेलो. पाणी पार तळाला गेलं होतं. आमच्या भावकीतला संजय बरोबर होता. पाहुण्यांपुढे गावाची लाज वाटावी तसा तो म्हणाला, “काय दाखवता साहेबांना, आक्का? हा तलाव पहिल्यापासून गळतोय.”

मी काही बोलायच्या आत पटारे बांधावरून खाली उतरायला लागले होते. खालच्या ओल्या जागेत लव्हाळ्याचं बेट अजून आहे. त्याच्या पलीकडच्या विहिरीत त्यांनी वाकून बघितलं, एक खडा टाकला. पाणी जवळच वाजलं.

“इकडं ये,” त्यांनी संजयला हाक मारली. “आपल्या विहिरीचं पानी बघ आधी. गळतोय म्हनं.” पाटपाण्याच्या गावचा माणूस आमच्या तलावाची बाजू घेऊन भांडत होता. “पाझरतोय तो. ज्यानं बांधला त्यानं बरोबर बांधला.”

मग ते खाली बसले आणि लव्हाळ्याचा एक ठोंब मुळासकट उपटून रुमालात बांधू लागले. घरी दारात कुंडीत लावायचा म्हणाले. त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. आयुष्यभर उसातून जे खुरपून काढलं, ते हा माणूस रुमालात बांधून घरी नेत होता.